गोविंदभाऊ आणि तलावाची भांडी

ब्रह्मपुरीला आमच्या शेजारी गोविंदभाऊ नाकाडे नावाचे पोस्टमन राहायचे, आणि पहिले सहा महिने मला त्यांचा मनापासून राग यायचा. कारण ऐकाल तर हसाल. ते आमची भांडी फार लवकर परत करायचे.

पन्नास सालानंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. आमच्या ह्यांना तिथल्या हायस्कुलात गणित शिकवायची नोकरी लागली होती. दोन खोल्या, एक पडवी, चार वर्षांची बेबी आणि मी, एवढं आमचं बिऱ्हाड. माझं माहेर वर्ध्याकडचं. आमच्याकडे शेजारी वाटी गेली की ती चार दिवस तिकडेच राहते, मग त्यांच्याकडची चटणी-भाजी घेऊन सावकाश परत येते, आणि अशा येरझारा घालणाऱ्या वाट्यांवरच शेजार टिकतो. इथे पहिल्याच आठवड्यात मी मोठ्या हौसेनं वाटीभर खीर पाठवली, तर मी हात पुसते न पुसते तोच गोविंदभाऊ दारात. वाटी राखेनं घासून लख्ख केलेली आणि आत मूठभर चारोळी.

"मास्तरीणबाई, तुमची वाटी."

"अहो, एवढी काय घाई होती?"

"घाई नाई जी. पन वाटी तुमची आहे ना."

मला वाटलं, नव्या शेजाऱ्याशी बेतानं वागताहेत. पण दुसऱ्या वेळी तेच, तिसऱ्या वेळी तेच. त्यांची मुलगी शेवंता तापानं पडली होती तेव्हा मी गंजभर, म्हणजे पातेलंभर, गरम पेज नेऊन दिली. पोरीनं दोन घोट घेतले असतील नसतील, गोविंदभाऊंनी उरलेली पेज आपल्या भांड्यात ओतून माझा गंज धुऊन परत आणला! मी तेव्हा भडकले. मी तशीही लवकर भडकते, हे तुम्हाला पुढे कळेलच. म्हटलं, "गोविंदभाऊ, आमचं भांडं एक रात्र तुमच्या घरी राहिलं तर ते बाटतं का तुमचं घर बाटतं? एकदा सांगून टाका."

ते खाली पाहत हसले. "तसं नाई, बाई. दुसऱ्याचं भांडं घरात असलं का मले झोपच येत नाई."

आता ह्याला काय म्हणायचं? मी ह्यांच्याजवळ धुसफुसले. हे म्हणाले, माणूस स्वच्छ आहे, एवढंच ना. ह्यांना सगळी माणसं गणितासारखी सरळ वाटायची.

गोविंदभाऊ उंच, काटकुळे, खाकी कोटाची वरची दोन बटणं कायम उघडी. सकाळी थैली खांद्यावर टाकून निघाले की दुपार कलेपर्यंत पायी. त्यांच्या वाट्याला खेडी बरीच होती. पोस्टानं सायकल देऊ केली तर नको म्हणाले. विचारलं तर सांगायचे, "सायकलीले रस्ता समजते, बाई, घर नाई समजत. बंधाऱ्यावरून जा लागते, बांधीतून जा लागते, तिथी तिले खांद्यावर घेऊन फिरू का?" बांधी म्हणजे तिकडे धानाचं शेत. धानाच्या बांध्या, त्यांच्या मधे तलाव, तलावामागे जंगल आणि जंगलात डोंगर, असा तो सगळा मुलूख. गोविंदभाऊंना त्यातला एकेक तलाव आणि एकेक डोंगर नावानिशी ठाऊक होता, आणि प्रत्येकाची एक गोष्टही.

पण गावात त्यांची ओळख वेगळ्याच कारणानं होती. ते कुणाला "जेवण झालं का?" असं विचारत नसत. आमच्याकडे हे वाक्य म्हणजे रामराम. त्यांच्या तोंडून मात्र ते कधी ऐकू यायचं नाही. मला हा माणूस तुसडा वाटायचा. मग एका दुपारी मी पाटावर बसायच्या बेतात होते, आणि गोविंदभाऊ दारात येऊन उभे राहिले. थैली मागे, हात मागे.

"बाई, जेवन झालं का?"

"नाही, बसतेच आहे."

"मंग जेवून घ्या. मी बसतो ओट्यावर. पानी पिऊन घेतो तवर."

मला मेलीला काय कळतंय! मी छान पोटभर जेवले, वर ताक प्याले. हात धुऊन बाहेर आले तेव्हा त्यांनी कार्ड पुढे केलं. कोपरा फाडलेलं. माझी धाकटी आत्या गेली होती, जिनं मला न्हाऊमाखू घातलं होतं. मी ओट्यावरच मटकन बसले. मी रडून होईपर्यंत ते तिथेच बसून राहिले आणि मग राहिलेली डाक वाटायला गेले. सरस्वतीबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, नंतर मला सांगितलं, की फाटक्या कोपऱ्याचं कार्ड आलं की ते आधी त्या घरातली चूल विझायची वाट पाहतात. माणसानं उपाशीपोटी रडू नये, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे झालं असं होतं, की गोविंदभाऊंनी कुठे "जेवले का?" विचारलं की अख्ख्या घराच्या तोंडचं पाणी पळायचं. म्हणून बिचाऱ्यांनी तो रामरामच सोडून दिला होता. त्या दिवसापासून माझा राग निम्मा उतरला.

उरलेला निम्मा त्यांच्या गोष्टींनी उतरवला. दिवेलागणीच्या आधी ते ओट्यावर बसायचे, गल्लीतली पोरं भोवती गोळा व्हायची आणि आमची बेबी थेट मांडीत. कुठल्या तलावात सोन्याची नथ घातलेली मासोळी आहे, कुठल्या डोंगरावर राक्षसानं मिशा वाळत घातल्या होत्या. मासोळीचा आवाज वेगळा, राक्षसाचा वेगळा. मी आत भाकरी थापता थापता कान तिकडे लावून असायची. त्यांतली सगळ्यांच्या आवडीची गोष्ट होती भांड्यांच्या तलावाची. ती सांगताना गोविंदभाऊ फार रंगायचे, आणि शेवटाला आले की फुसकन थांबायचे.

"मंग एक दिवस भांडे येनं बंद झालं."

"काऊन?" पोरं विचारायची.

"झालं बंद. जा आता, माय बलावून राह्यली."

दर वेळी हे असंच. एवढ्या ऐसपैस गोष्टीला असा तुटका शेवट! मी एकदा खिडकीतून ओरडलेसुद्धा, "अहो, पण बंद का झालं ते सांगा ना!" तर म्हणाले, "मास्तरीणबाई, तुमची भाकर करपून राह्यली." आणि खरंच करपत होती.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगताना अजून जीभ जड होते. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बायका येऊन गेल्या, आणि माझ्या माहेरची पितळी अत्तरदाणी सापडेना. मी घर उलथंपालथं केलं. तेवढ्यात गोविंदभाऊ आमची कसलीशी परात परत करायला आले. बायका अजून दोघी-तिघी बसलेल्या. मी आपली गमतीत म्हणून गेले, "काय हो गोविंदभाऊ, अत्तरदाणी तुमच्याकडे तर नाही ना राहिली? नीट पाहा बरं!"

बायका हसल्या. गोविंदभाऊंचा चेहरा पांढराफटक पडला. परात खाली ठेवून ते गेले, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्यापुढे नवीकोरी अत्तरदाणी ठेवली. "ठेवून घ्या, बाई." मी नाही-नाही म्हणतेय, शपथा घालतेय, पण ऐकतील तर! दोन दिवसांनी माझी जुनी अत्तरदाणी तांदळाच्या डब्यात सापडली. बेबीनं घातली होती. मी नवी परत न्यायला गेले तर सरस्वतीबाईंनी दार अर्धंच उघडलं आणि हळूच म्हणाल्या, "राहू द्या, बाई. त्याईच्यासमोर भांड्याची गोष्ट नका काढू." मी परत आले. एवढं काय लागलं असेल ह्या माणसाला, ते मला कळेना, आणि विचारायला तोंड उरलं नव्हतं.

म्हणून मग माघात एका संध्याकाळी ते आपणहून आमच्याकडे आले आणि ह्यांना म्हणाले, "मास्तर, येत्या इतवारी तलाव पाहाले चालता का? भांड्याचा तलाव. बाजूले डोंगरबी आहे. लेकराले मजा येईल," तेव्हा मी आतूनच ओरडले, "येतो! येतो म्हणून सांगा!" ते माझ्यावर रुसलेले नाहीत, ह्याचाच मला इतका आनंद झाला.

रविवारी पहाटे आम्ही निघालो. ते तिघं आणि आम्ही तिघं. छोट्या गाडीनं दोन स्टेशनं, आणि पुढे ठरवलेली बैलबंडी. छोटी गाडी इतकी हळू जायची, की शेवंता म्हणाली, "काकी, आपन उतरून चालत गेलो तं गाडीच्या आधी पोचू." सतरा वर्षांची पोर, फार गोड आणि फार बोलकी. तिचं लग्न ठरलं होतं, वैशाखातलं. त्यामुळे आधीच अर्धवट हसरी असलेली ती आता पूर्ण हसरी झाली होती. सरस्वतीबाई मात्र गप्प. आणि गोविंदभाऊंनी रविवार असून धुतलेला खाकी कोट घातला होता, वरची दोन बटणंसुद्धा लावली होती. मी ह्यांना कोपरानं ढोसून म्हटलं, "हे सहलीला निघालेत की साहेबाला भेटायला?" हे म्हणाले, "तू जरा बाहेर बघ."

बाहेर बघण्यासारखं होतंच. धान कापून नेलेल्या बांध्यांत लाखोळी, म्हणजे लाखेच्या डाळीचं पीक, हिरवीगार उभी होती. बंडीची वाट तिच्यातून गेली, मग मोहाच्या झाडांतून, आणि एकदम समोर तलावाची उंच पाळ, म्हणजे मातीचा बांध. पाळीवर चढलो आणि बेबीनं "अबब" केलं. मीही केलं असेल. मैलभर पाणी, काठाला कमळाची पानं, त्यांच्यावरून तुरुतुरु पळणारी पाखरं, पलीकडे थेट पाण्यातून उठल्यासारखा सागाचा डोंगर. एक ढिवर लाकडी डोंग्यात उभा राहून जाळं सोडत होता. गोविंदभाऊ पाण्याकडे बघत म्हणाले, "आमच्या वाडवडलाईनं खोदला हा. माहं गाव आहे हे, मास्तर."

मी चाट पडले. इतक्या गावांच्या गोष्टी सांगणाऱ्या माणसानं हे आपलं गाव, असं कधी म्हटलं नव्हतं.

आधी डोंगर चढायचा ठरला. चढ फार नव्हता, पण मला धाप लागली आणि मी ह्यांच्यावर चिडले, कारण कुणावर तरी चिडल्याशिवाय मला चढता येत नाही. वर एक सपाट काळा दगड आहे, त्याला नवरीचा पाट म्हणतात. तिथे बसून आम्ही तांदळाच्या रोट्या, लाखेच्या डाळीचे वडे आणि ठेचा खाल्ला. काय चव होती! सरस्वतीबाईंच्या हातचे वडे मी नऊ खाल्ले. ह्यांनी मोजले म्हणून माहीत. मग बेबीनं हट्ट धरला, की गोष्ट हवी, आणि ह्याच तलावाची.

गोविंदभाऊंनी खाली पाण्याकडे पाहिलं आणि सुरू केलं.

"हा तलाव खोदाले सात वर्सं लागले. खोदनारे होते आपलेच लोक. सात वर्सं बांधीत धान नाई, घरात दाना नाई. आधी बैल गेले, मंग घरातले भांडे गेले. तलावाले पानी लागलं त्या साली एकाच्या लेकीचं लग्न निंगालं. आता भात कायच्यात शिजवाचा? बाप इथी, या दगडावर येऊन बसला अन् रडाले लागला. तं तलावातून आवाज आला, 'काऊन रडतं बावा? ज्याईनं मले खोदलं त्याईच्या लेकीचं लग्न माह्या भांड्यानं होईल. काठावर अक्षता ठेव अन् घरी जाय.' त्यानं ठेवल्या. सकाळी पाह्यते तं काठावर भांडेच भांडे! डेगा, गंज, कोपर, गडवे, समदे पितळेचे, समदे ओले. लग्न झालं. भांडे घासून काठावर ठेवले, रातभरात पान्यात गेले. मंग ज्याच्या घरी लग्न त्यानं अक्षता ठेवाच्या अन् भांडे न्याचे. असं लय वर्सं चाललं."

"अन् मंग?" बेबीनं विचारलं. एव्हाना ती पक्की तिकडची झाडीबोली बोलायला लागली होती.

"मंग एक दिवस भांडे येनं बंद झालं."

"काऊन?"

गोविंदभाऊ उठले. "मी बैलं पाहून येतो," म्हणाले आणि उतरायला लागले. तेव्हा शेवंता म्हणाली, "काकी, मी सांगते. आमच्या घरानं गडवा ठेवून घेतला. बाबाच्या आजाच्या बापानं. एक गडवा परत नाई केला, म्हनून तलाव रुसला."

मला पुढचं ऐकायच्या आधीच आठवली ती अत्तरदाणी! सगळ्या बायकांसमोर मी ह्या माणसाला विचारलं होतं, नीट पाहा बरं.

पुढचं सरस्वतीबाईंनी सांगितलं. भांडी यायची बंद झाली तेव्हा गावानं ठरवलं, आपलीच भांडी करू. घरटी थोडं थोडं पितळ गोळा केलं आणि लग्नाची भांडी ओतवून घेतली. ज्याच्या घरचं पितळ त्यात आहे त्याला लग्नात ती मिळतात. नाकाड्यांच्या दारी कुणी पितळ मागायला आलंच नाही. तुमच्याकडे गडवा आहेच, म्हणाले. गाव वाईट नव्हतं. बोलणं, जेवणखाण, मयतीला खांदा देणं, सगळं होतं. फक्त भांडी नव्हती. गोविंदभाऊंच्या वडलांनी ती कधी मागितली नाहीत, आजोबांनीही नाही. "आमच्या लग्नात भात मडक्यात शिजला, बाई. माह्या माहेरच्याईले करपट लागला. वर्सभर बोलले लोक." आणि तो गडवा, एवढासा पितळी तांब्या? तो कुणी कधी पाहिला नाही. गोविंदभाऊंनी दहा-बारा वर्षांचे असताना घरातली जमीन दोन-दोन हात खोदून काढली होती. सापडला असता तर तलावात नेऊन टाकला असता, म्हणे. बापानं त्याबद्दल चोप दिला.

"आज ते भांडे मांगाले आले आहेत," सरस्वतीबाई म्हणाल्या. "शेवंताचं लग्न त्याईले गावात कराचं आहे, गावच्या भांड्यात. नाई म्हनलं गावानं, तं ब्रह्मपुरीलेच चुपचाप उरकून टाकू. एकल्यानं जाची हिंमत नव्हती, म्हनून तुमाले आनलं."

मी खाली उतरले ती तडक गोविंदभाऊंसमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "त्या अत्तरदाणीपायी तुम्ही मला जोड्यानं मारायला पाहिजे होतं." ते ओशाळले. म्हणाले, "तुमाले का मालूम होतं, बाई! पन मास्तर सोबत चालतीन का? चार लोकात एक शिकलेला मानूस असला तं बरं वाटते."

हे चालणारच होते. मीही चालले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मला कोण अडवणार?

गावची भांडी पार्बताबाई नावाच्या म्हातारीच्या कोठीत असायची. सत्तरी ओलांडलेली, दात एकही नाही. अंगणात सुपात तांदूळ निवडत बसली होती. आम्हाला पाहून आजूबाजूची माणसं जमलीच.

"कोन, गोविंदा का रे? डाकवाला?"

"हो, काकी."

एवढं बोलून गोविंदभाऊ थांबले ते थांबलेच. राक्षसाचा आवाज काढणारा माणूस, तोंडातून शब्द फुटेना. ह्यांनी घसा साफ केला आणि तेही थांबले. मला हे असलं सहन होत नाही. मी म्हणाले, "हे बघा बाई, ह्यांच्या मुलीचं लग्न..." तर गोविंदभाऊंनी हात आडवा केला. "मास्तरीणबाई, मीच बोलतो."

आणि बोलले. "काकी, पोरीचं लग्न आहे वैशाखात. गावातच करतो म्हनतो. भांडे पाह्यजेत."

सूप थांबलं. म्हातारी त्यांच्याकडे बघत राहिली. "तुया बापानं नाई मांगतले कधी."

"नाई मांगतले."

"तुया आजानंबी नाई. मंग तू काऊन मांगून राह्यला?"

"त्याईले लाज वाटे. मलेबी वाटते, काकी. पन माह्या लाजंपायी पोरीच्या लग्नात भात करपाले नाई पाह्यजे. तुमाले नाई म्हनाचं असन तं नाई म्हना, मले राग नाई. पन मांगतल्याबिगर आता मले जाता येत नाई."

कोंबड्या सुपाजवळ आल्या, त्यांना म्हातारीनं हाकललं. मग म्हणाली, "भांडे का माहे आहेत? मी फक्त चाबी ठेवते. तुमच्या घराचं जे आहे ते तलावासंग आहे. तलावाले मांग." आणि सुपातले मूठभर तांदूळ त्यांच्या हातावर घातले. घरातून हळदीची चिमूट आणवली.

मला वाटलं, ही थट्टा आहे. मी म्हातारीशी भांडायला तोंड उघडलंसुद्धा, पण ह्यांनी माझं मनगट धरलं. गोविंदभाऊ तांदूळ घेऊन पाळीकडे निघाले. आम्ही मागे, गाव मागे. त्यांनी कोट काढून शेवंताजवळ दिला, धोतर वर खोचलं आणि पाण्याच्या कडेला वाकून एका पळसाच्या पानावर अक्षता ठेवल्या. मग अगदी हळू, घरच्या कुणाशी बोलावं तसं म्हणाले, "माही पोरगी शेवंता. वैशाखात लग्न आहे. भांडे पाह्यजेत."

बेबीनं मोठ्यांदा विचारलं, "आई, भाऊ कोनासंग बोलून राह्यले?" गावातलं कुणीही हसलं नाही. मी पोरीच्या तोंडावर हात ठेवला.

परतीच्या बंडीत मी काय काय बोलले असेन! "ती बाई हो म्हणाली की नाही म्हणाली? हो म्हणायचं तर सरळ म्हणायला काय दुखत होतं तिचं?" गोविंदभाऊंनी कोटाची वरची बटणं सोडली, मागे रेलले आणि म्हणाले, "ते मलेबी नाई समजलं, बाई. पन मांगून झालं ना! लय हलकं वाटून राह्यलं." आणि खरंच, छोट्या गाडीत त्यांनी उरलेले वडे खाल्ले, नथवाल्या मासोळीची गोष्ट पहिल्यापासून सांगितली आणि डब्यातल्या परक्या बायकांनाही हसवलं. इतका आनंदी माणूस मी त्यांच्यात आधी पाहिला नव्हता. माझाच जीव टांगणीला लागला होता.

चैत्र गेला, तरी गावाकडून काही निरोप नाही. सगळ्यांना चिठ्ठ्या वाटणाऱ्या माणसाला स्वतःची एक चिठ्ठी येईना. सरस्वतीबाई म्हणाल्या, इथेच उरकू. गोविंदभाऊ म्हणाले, नाही, गावातच. त्यांनी कुंभाराकडून वीस मोठी मडकी घेतली, पेंढ्यात घालून बंडीवर लादली आणि लग्नाच्या आदल्या दिवशी बंडी गावाला नेली; आम्हीही सोबत गेलो. मडकी उतरवताना ते मला म्हणाले, "या खेपेले भाताजवळ मी सोता बसीन. करपू नाई देनार." त्यांच्या आवाजात रडगाणं नव्हतं. मीच मांडवाकडे तोंड केलं.

लग्नाच्या दिवशी उजाडता उजाडता बाहेर गलका झाला. शेवंता हळदीच्या अंगानं धावत आली. "बाबा! पाळीवर चाला! लवकर चाला!"

आम्ही सगळे धावलो. वैशाखात तलावाचं पाणी बरंच आत गेलेलं, आणि त्या ओल्या गाळाच्या काठावर एका रांगेत भांडी मांडली होती. डेगा, गंज, कोपर, गडवे. सगळी पितळेची, सगळी ओली, नुकत्याच उगवलेल्या सूर्यात चकाकत असलेली. त्यांच्यामागे हात मागे बांधून गावातल्या बायका उभ्या. सगळ्यांचे पदर भिजलेले, कोपरापर्यंत राख आणि चिखल. आणि मधोमध पार्बताबाई.

गोविंदभाऊ बघत राहिले. "काकी, हे..."

"मले का विचारतं?" म्हातारी म्हणाली. "तलावानं देल्ले. आमी सकाळी पान्याले आलो तं हे इथी होते. काय वो बायांनो?"

"हो वो माय, इथीच होते," बायका म्हणाल्या. एकीला हसू आवरेना, तिनं राखेचा हात तोंडावर दाबला आणि तिला मिशा आल्या.

गोविंदभाऊ तिथेच खाली बसले. मग म्हातारी म्हणाली, "ऊठ रे, बावा. वऱ्हाड येऊन राह्यलं, भात चढवाचा आहे."

ते उठले. रांगेतली सगळ्यांत मोठी डेग, जी दोघांनी धरून न्यायची असते, ती त्यांनी एकट्यानं उचलली. हे मदतीला पुढे झाले तर नको म्हणून मान हलवली. डेग उलटी करून डोक्यावर घेतली आणि पाळीवरून मांडवाकडे चालायला लागले. सरस्वतीबाई मागून पळत होत्या, "अवो, दिसून राह्यलं का काही? पडान ना!"

डेगीत त्यांचं तोंड खांद्यापर्यंत झाकलेलं होतं. आपण रडतोय ते कुणाला दिसणार नाही, असं त्यांना वाटलं असावं. पण पितळेची डेग ती, त्यांचा हुंदका आत घुमून चौपट मोठा होऊन बाहेर पडत होता, आणि पाळीवर उभं सगळं गाव तो ऐकत होतं.